नवतप्याचं बिल पाहून सोलर प्लांट घेऊ नका

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली आम्ही दोघं आणि सासूबाई, वर मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. स्वयंपाकघर एकच. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. मे महिन्यात ५६० युनिटचं बिल आलं, आठ हजार तीनशेच्या वर. जानेवारीत तेच १८० युनिट आणि एकोणीसशे रुपये. २०२४-२५ ची बाराही बिलं सोबत पाठवते आहे. परवा एक सोलरवाला येऊन गेला. म्हणतो, ५ किलोवॉटचा प्लांट घ्या, सव्वातीन लाखांत काम होतं, बिल कायमचं शून्य आणि लाईट गेली तरी घर सुरू. मुलगा म्हणतो लगेच घेऊ, वर एसीही लावू. यजमान म्हणतात, निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही. पश्चिमेला शेजाऱ्यांचं आंब्याचं झाड आहे, सोलरवाला म्हणतो ते छाटून घ्या. वीजबिल अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच आहे. गच्ची सोलरनं भरली तर कुरडया वाळवायच्या कुठे? काय करावं, सांगाल का?

— एक वाचक, मानेवाडा

नमस्कार ताई,

बाराही महिन्यांची बिलं पाठवलीत, फार चांगलं केलंत. सोलरबद्दल विचारणारे बहुतेक जण फक्त मे महिन्याचं बिल पाठवतात, कारण छातीत धडकी भरवणारं तेच असतं. पण प्लांट काही नवतप्यापुरता, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांपुरता, बसत नाही, पंचवीस वर्षांसाठी बसतो. म्हणून मी आधी तुमच्या बिलांची बेरीज मांडली. एप्रिल ४३०, मे ५६०, जून ४५०, जुलै ते ऑक्टोबर दरमहा २७० च्या आसपास, नोव्हेंबर ते फेब्रुवारी १८०, मार्च २६०. वर्षाची झाली ३,५०० युनिट. हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि पुढचा सोलरवाला आला की आधी तो दाखवा.

कारण असं की आपल्याकडे १ किलोवॉटचा प्लांट वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देतो. ५ किलोवॉट म्हणजे वर्षाला ७,३०० युनिट. तुमच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. मुलगा म्हणेल, जास्तीची झाली तर काय बिघडलं, महावितरणला विकू. सगळी मेख तिथेच आहे, म्हणून ती नीट समजून घ्या.

नेट मीटरमध्ये दुपारी गच्चीवर तयार झालेली आणि घरात न लागलेली वीज बाहेर जाते, रात्री तेवढीच परत मिळते. महिनाअखेर जास्त शिल्लक राहिली तर ती युनिटच्या रूपात पुढच्या महिन्यात जमा होते. इथपर्यंत सोलरवाले सांगतात. पण ही जमा आर्थिक वर्षापुरतीच असते. ३१ मार्चला हिशोब मिटतो. उरलेली युनिटं महावितरण ठरलेल्या दरानं विकत घेते आणि १ एप्रिलला तुमची पाटी कोरी. तो दर आपण वरच्या टप्प्यात जो दर भरतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

आता हे नागपूरच्या हवामानाला लावून पाहा. आपली वीज लागते एप्रिल-मे-जूनमध्ये आणि उरते नोव्हेंबर ते मार्चमध्ये. हिवाळाभर साठवलेली युनिटं ऐन उन्हाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कवडीमोलानं जातात. पुण्या-नाशिकच्या घरातही मार्चअखेर येते, पण तिथे उन्हाळ्या-हिवाळ्याच्या वापरात एवढी दरी नसते. आपल्या घरात मे महिना जानेवारीच्या तिप्पट आहे. म्हणून मे महिन्याकडे पाहून मोठा प्लांट घेणं नागपूरकराला सगळ्यात महाग पडतं.

मग किती घ्यावा? त्यासाठी बिलाची मागची बाजू पाहावी लागेल. घरगुती बिलाला टप्पे असतात, १०० युनिटपर्यंत एक दर, पुढे ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यावर चौथा. तुमच्या बिलांच्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, हे दर ४ रुपये ७१ पैसे, १० रुपये २९ पैसे, १४ रुपये ५५ पैसे आणि १६ रुपये ६४ पैसे होते. प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि वरून १६ टक्के वीज शुल्क. सगळं मिळून पहिल्या टप्प्यातलं युनिट पावणेसात रुपयांना पडलं आणि मे महिन्यातलं ५०० च्या वरचं प्रत्येक युनिट २० रुपये ६६ पैशांना. तोच पंखा, तीच वीज, पण दर तिप्पट. पुढे दर बदलले, पुन्हा बदलतील, पण टप्प्यांची ही चढण राहणार. माझं सांगणं याच चढणीवर उभं आहे: वरची महाग युनिटं आधी कापा, खालच्या स्वस्त युनिटांच्या मागे पैसा घालू नका.

तुमच्याच आकड्यांवर महिनावार हिशोब करून पाहिला. पावसाळ्यातले ढग धरले, हिवाळ्यातला कमी दिवस धरला. सोलरशिवाय तुमचं वर्षाचं बिल साधारण ४३,००० रुपये. २ किलोवॉटचा प्लांट असता तर त्यातले ३२,००० च्या आसपास वाचले असते. ३ किलोवॉट घेतला असता तर आणखी सहा हजार. चौथ्या आणि पाचव्या किलोवॉटसाठी कापायला महाग युनिट उरतच नाही, त्यांची जवळपास सगळी वीज मार्चअखेरच्या हिशोबात जाते.

सरकारी अनुदानाचा उतारही असाच आहे. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. ३ चा घ्या, ५ चा घ्या की १० चा, अनुदान ७८,००० च. सोलरवाल्यानं ५ चा का सुचवला असेल, याचा राग मानू नका, त्याचा तो धंदा आहे. पण वरचे २ किलोवॉट पूर्णपणे तुमच्या खिशातून जाणार होते.

एसीचं तुम्ही घरात बसून आधी ठरवा, मग प्लांटचा आकार ठरेल. एसी येणार नसेल तर २ किलोवॉट पुरे. वर एसी लागणार हे नक्की असेल तर ३ घ्या. दीड टनाचा पाच स्टारचा एसी रात्रभर २६ वर ठेवून वर पंखा लावला तर रात्रीला सहा-सात युनिट धरा, उन्हाळ्याच्या अडीच महिन्यांचे पाचशेच्या आसपास. ही सगळी युनिटं तुमच्या सध्याच्या वापराच्या डोक्यावर चढणार, म्हणजे सोलर नसेल तर ती वरच्या टप्प्याच्या दरानंच पडणार. एसी घेताना लोक त्याची किंमत पाहतात, टप्पा पाहत नाहीत. मुलाला हे नक्की सांगा. आणि दुकानात 'पाच स्टार' एवढं ऐकून समाधान मानू नका, स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, तेव्हा लेबलवरचं साल आणि वर्षाला किती युनिट खातो तो आकडा वाचा.

पण एसीच्या आधी, आणि सोलरच्याही आधी, घरात दोन कामं करून घ्या.

पहिलं पंख्यांचं. तुमच्याकडे जुने पंखे असतील तर एकेक ७०-७५ वॉट खातो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा २८ ते ३५ वॉटमध्ये देतो. सासूबाईंच्या खोलीतला, बैठकीतला, तुमच्या आणि मुलाच्या खोलीतला, असे जास्तीत जास्त चालणारे चार बदला. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला ८० युनिट वाचतात. मे महिन्यात हेच ८० युनिट तुमच्या बिलाच्या सगळ्यात महाग टोकाचे असतात, म्हणजे एका महिन्यात सोळाशेच्या आसपास. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही, देवघरातला राहू द्या.

दुसरं कूलर. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखी गोष्ट नाही. पाणी सुकताना हवेतली उष्णता शोषून घेतं, हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. मोठ्या कूलरला २०० वॉटच्या आसपास लागतात, पूर्ण जोरात चालणाऱ्या एसीच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकी वीज. पण आपण त्याची नीट बडदास्त ठेवत नाही. बोअरच्या जड पाण्यानं वाळ्यावर किंवा वूडवूलवर पांढरा थर चढतो, मग पाणी उतरत नाही आणि कूलर नुसता पंखा होतो. दरवर्षी मार्चमध्ये ताट्या बदला, दर आठवड्याला टाकीचं पाणी काढा, त्यानं डासही होत नाहीत. आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. कूलर चालू असताना खोली बंद ठेवली की ओल साचते, सगळे चिकट होतात आणि घरात एसीचा विषय निघतो. जून उजाडला, पाऊस लागला, की मात्र कूलर बंद करा, दमट हवेत तो काही कामाचा नाही, उगाच वीज खातो.

गच्चीला चुन्याचा पांढरा हातही देऊन घ्या. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती धग खाली सोडत राहतो, नातीच्या खोलीत ती सगळ्यात जास्त जाणवत असेल. सोलर पॅनल बसले की त्यांच्या खालचा स्लॅब सावलीत जातो, हा लाभ कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही, पण घरात पहिल्याच उन्हाळ्यात कळतो.

महावितरणच्या लहानसहान सवलती तुम्ही सोडता आहात, तेही बिलांवर दिसलं. बिल तारखेपासून ७ दिवसांत भरलं तर १ टक्का सूट, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का, कागदी बिल बंद करून गो-ग्रीन घेतलं तर वर्षाला १२० रुपये. सगळी मिळून पाच-सहाशे रुपयांची गोष्ट आहे, आणि एकदा लावून दिलं की पुन्हा पाहावं लागत नाही. स्मार्ट टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारं मीटर, लागलं असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. पाण्याची मोटर, कपडे धुण्याचं मशीन, इस्त्री ही कामं दुपारी सरकवा. सोलर बसल्यावरही हीच सवय उपयोगी पडेल. बिलावर मीटरची स्थितीही पाहत जा. रीडिंग न घेता सरासरीनं बिल येत असेल तर १९१२ वर लगेच तक्रार नोंदवा, तसं चालू राहिलं तर पुढे एकदम मोठा आकडा अंगावर येतो.

आता सोलरवाल्याच्या दोन वाक्यांबद्दल. 'बिल कायमचं शून्य' हे खरं नाही. स्थिर आकार दरमहा येणारच, मे-जूनमध्ये थोडी युनिटंही विकत घ्यावी लागतील. आठ हजारांच्या जागी हजार-दीड हजार आलं तर तो प्लांट उत्तम चालला म्हणायचं.

'लाईट गेली तरी घर सुरू' हे तर अजिबात मान्य करू नका. योजनेत घरोघरी बसतात ते प्लांट लाईनला जोडलेले असतात. लाईन गेली की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, आणि तसं होणंच योग्य आहे. नाहीतर डीपीवर दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसेल. एप्रिल-मेच्या वादळात लाईन गेली तर भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, घरात अंधार असू शकतो. त्यासाठी बॅटरीचा वेगळा खर्च आहे आणि माझ्या मते तुमच्या घराला तो परवडणारा नाही. पंखे आणि दिवे चालवणारा तुमचा जुना इन्व्हर्टर असेल तर तोच राहू द्या.

आणखी एक गैरसमज आपल्याकडे घट्ट आहे, की नागपूरचं ऊन इतकं कडक म्हणजे मे महिन्यात वीज धो-धो येणार. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. त्याची क्षमता मोजतात ती २५ अंशांवर. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्का वीज घटते. मेच्या दुपारी पॅनल ६५ अंशांच्या वर तापतं, तेव्हा आठवा हिस्सा तरी त्या तापण्यातच जातो. म्हणून पॅनल गच्चीला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळता हवा.

पैशांचं. यजमानांचं म्हणणं मला पटतं, निवृत्तीची ठेव मोडू नका. पण त्यासाठी सोलर टाळायचीही गरज नाही. या योजनेत ३ किलोवॉटपर्यंत २ लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज सरकारी बँका देतात आणि त्याचा व्याजदर वैयक्तिक कर्जापेक्षा बराच कमी असतो. देशी पॅनल लावलेला ३ किलोवॉटचा प्लांट स्ट्रक्चरच्या उंचीनुसार पावणेदोन ते दोन लाखांपर्यंत जातो. अनुदान वजा जाता एक लाख ते सव्वा लाख उरतात, ते बिलाच्या बचतीतूनच तीन-चार वर्षांत फिटतात. मुलगा आणि सून दोघं कमावते असतील तर कर्ज मुलाच्या नावे घ्यावं, हप्ता त्यानंच भरावा. एसीची हौस त्याची आहे आणि प्लांटचा जास्त फायदाही त्याच्याच वयाला मिळणार आहे. हे मी तुम्हा दोघांच्या बाजूनं स्पष्ट सांगते, कारण निवृत्त माणसाची ठेव घरातल्या प्रत्येक चांगल्या कामासाठी हळूहळू संपताना मी पाहिली आहे.

अनुदान तुमच्या बँक खात्यात, प्लांट सुरू झाल्याचा दाखला लागल्यावर येतं. म्हणजे पूर्ण रक्कम आधी द्यावी लागते. 'अनुदान आम्हीच वळतं करून घेतो' असं म्हणत कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर त्याला चहा पाजून परत पाठवा. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी झालेला विक्रेताच निवडा, तीन ठिकाणचे लेखी दर घ्या, पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, शेवटचा हिस्सा नेट मीटर लागल्यावर. पॅनल भारतीय बनावटीच्या सेलचं नसेल तर अनुदान मिळत नाही, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते, तीही लिहून घ्या. आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून किंवा एपीके फाइलवरून अर्ज करू नका, त्यातून खाती रिकामी झाली आहेत.

या सगळ्याच्या आधी एक काम आजच सुरू करा. वीजजोडणी यजमानांच्या किंवा मुलाच्या नावावर करून घ्या. योजनेत अर्ज वीजग्राहकाच्या नावानं होतो आणि अनुदानही त्याच नावाच्या खात्यात जातं. सासऱ्यांच्या नावावर अर्ज अडकणारच. त्यांचा मृत्यू दाखला, घरटॅक्सची पावती किंवा मालकीचा कागद आणि बाकी वारसांची नाहरकत, एवढं जमवा. नणंदांच्या सह्या लागणार असतील तर राखी-भाऊबीजेची वाट पाहू नका, वेळ तिथेच जातो. बाकीच्या अर्जाला फारसा त्रास नाही, १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक मंजुरी आता आपोआप होते. प्लांटचं काम दिवाळीच्या आसपास धरलं तर होळीच्या आधी प्लांट सुरू होईल. उन्हाळ्याचं पहिलं बिल येण्याआधी मीटर उलटं फिरायला लागलेलं असावं.

आता झाडाचं. शेजाऱ्यांचं आंब्याचं झाड छाटू नका, छाटायला सांगूही नका. ते पश्चिमेला आहे, म्हणजे तुमच्या भिंतीवर दुपारनंतरचं सगळ्यात वाईट ऊन तेच अडवतं. ते गेलं तर कूलर दोन तास जास्त चालेल आणि शेजारही जाईल. वीज मुख्यतः ९ ते ३ या वेळात तयार होते, त्या वेळात पश्चिमेच्या झाडाची सावली गच्चीवर येतच नसेल. खात्री करायची तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सूर्य सगळ्यात खाली असताना, सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता गच्चीचे फोटो काढा. सावली पडते तेवढी जागा सोडा. आमच्या घरी हे केलं नव्हतं. ज्यांनी प्लांट बसवला त्यांनी दोन पॅनल पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवले. पॅनल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली आली की सगळ्या माळेवर परिणाम होतो. हिवाळाभर वीज कमी का येते, हे शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली. शेवटी टाकीच हलवली.

स्ट्रक्चरवर पैसे वाचवू नका. भारतीय मानकांत नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. आपल्या अवकाळी वादळांत पत्रे कसे उडतात, ते तुम्ही पाहिलं आहेच. जाड गॅल्वनाइज्ड लोखंड, पायाचे सिमेंटचे ठोकळे भक्कम, तोंड दक्षिणेला, उतार वीस अंशांच्या आसपास. अर्थिंगचे खड्डे तीन वेगळे, वीज पडण्यापासून वाचवणारा खांब नक्की. पॅनल पंधरा दिवसांनी धुवायचे ते पहाटे किंवा संध्याकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर तडकू शकते. शक्यतो नळाचं पाणी वापरा. बोअरचं पाणी जसं कूलरवर थर चढवतं तसंच काचेवरही चढवतं.

तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींनाही एक गोष्ट सांगा. २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्मार्ट नावाची योजना आणली, दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या घरांसाठी. १ किलोवॉटच्या प्लांटला केंद्राच्या ३०,००० वर राज्याची भर मिळते. त्यांचं पक्कं छत आणि स्वतःचं मीटर असेल तर मुलाला त्यांचा अर्ज भरून द्यायला लावा. नागपुरात बसून हे लिहिताना मला कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुराडी डोळ्यांसमोर दिसतात. सगळ्या राज्याचे दिवे लागावेत म्हणून तिथली राख तिथल्या माणसांच्या अंगणात पडते. आपल्या गच्चीवर दुपारी तयार झालेलं प्रत्येक युनिट तेवढा कोळसा वाचवतं, आणि याचं मोल बिलाच्या हिशोबात मांडता येत नाही.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचा प्रश्न या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. ३ किलोवॉटला तीनशे चौरस फूट जागा लागते. पॅनलची मागची बाजू माणूस वाकल्याशिवाय जाईल अशी उंच करून घ्या, खर्च थोडा वाढेल, पण खालची गच्ची मोकळी राहते. कुरडया आणि पापडाला मात्र थेट ऊन लागतं, ते पॅनलखाली वाळणार नाहीत. म्हणून प्लांटचा नकाशा काढताना दक्षिणेच्या कठड्यालगत आठ फुटांची पट्टी रिकामी सोडायला सांगा. पॅनलची सावली उत्तरेकडे पडते, त्यामुळे तिथे ऊन दिवसभर राहील. भिवापुरी मिरचीही तिथेच टाका. आणि कुरड्यांची राखण करायला त्यांना स्वतःला पॅनलच्या सावलीत खुर्ची टाकून बसता येईल, आजवर त्या छत्री घेऊन बसत असतील ना?